दंड कधी ठरला?

"पदर झटक," तो म्हणाला.

भर अंगणात. चाळीतल्या बाया आपापल्या दारात उभ्या. बाहेर आमच्या सामानाची बैलगाडी भरलेली. तो आमचा घरमालक, ओट्यावर खुर्ची टाकून बसलेला. मी पदराला पैसे बांधून पळते आहे, असं त्याचं म्हणणं.

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो जमिनीकडे पाहत होता. सासऱ्यांनी हात जोडले होते. मी पदर झटकला. सुपारीचं एक खांड पडलं. मालक हसला. मागे खिडकीत त्याची बायको हसली. तिच्या अंगावरचं लुगडं आमच्याच मागावर विणलेलं होतं.

तेव्हा मी अठरा-एकोणीस वर्षांची असेन. स्वराज्य येऊन काही वर्षं झाली होती. पाचपावलीतल्या त्या चाळीपर्यंत ते आलं नव्हतं.

आम्ही कोष्टी. एकच खोली, त्यातली अर्धी मागाची. जमिनीत खड्डा खणलेला, त्यात पाय सोडून नवरा विणायचा. सूत शेठ द्यायचा. लुगडं पूर्ण करून त्याच्या गादीवर नेलं की मजुरी मिळायची, त्याआधी एक पैसा नाही. मग भाडं पहिल्या तारखेला कुठून देणार? खोली घेताना सासऱ्यांनी हे मालकाला सांगितलं होतं. तो म्हणाला होता, "लुगडं उतरलं की द्या. मला घाई नाही." मी तिथेच उभी होते. त्यानंतर कधी दहा तारखेला, कधी वीस तारखेला भाडं गेलं. पण गेलं. एक महिना थकला नाही. तो घ्यायचा आणि खिशात घालायचा. दंड हा शब्द त्याच्या तोंडून कधी निघाला नाही.

निघाला तो खोली सोडायच्या दिवशी. सकाळी आम्ही माग सोडवला. लाकडं गाडीत चढली. तेवढ्यात त्याचा गडी आला आणि फणी उचलून घेऊन गेला. ताण्याचा एकेक धागा त्या फणीतून जातो. फणी नसली तर माग म्हणजे जळतण. नवी फणी घ्यायला आमच्याकडे पैसे नव्हते आणि हे मालकाला चांगलं ठाऊक होतं.

आम्ही ओट्याखाली जाऊन उभे राहिलो. दर महिन्याला भाडं उशिरा, त्याचा दंड, म्हणाला. नवऱ्याला पंधरा रुपये सांगितले. सासरे वाकले तेव्हा बारावर आला. मी विचारलं, महिन्याला किती धरला? तर वीस झाले. बाई बोलली त्याचे आठ रुपये. पैसे नाहीत म्हटल्यावर मला पदर झटकायला लावला.

मग सासऱ्यांनी त्याच्या पायरीवर डोकं टेकलं. म्हणाले, फणी द्या मालक, दंड आम्ही थोडा थोडा फेडू. जे देणं नव्हतंच ते ते कबूल करत होते. पांढरं डोकं दगडावर. मालक त्यांना ऊठ म्हणाला नाही.

मी आमच्या खोलीत गेले आणि मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसले.

आमच्यात माग हलवला की खड्डा आपणच बुजवायचा. हळदकुंकू वाहायचं आणि घरच्या बाईनं माती लोटायची. तोवर ते घर सुटलं असं आम्ही मानत नाही. मालकाकडे पिढ्यान् पिढ्या कोष्टी राहत आलेले, त्याला हे माहीत होतं. पण फणी उचलायच्या घाईत तो विसरला. नव्या भाडेकरूकडून त्यानं आगाऊ पैसे घेतले होते. त्याचं सामान दुपारीच येणार होतं.

तो दारात येऊन उभा राहिला. "ऊठ. खड्डा बुजव."

मी म्हटलं, "दंड कधी ठरला ते सांगा. चार लोकांसमोर सांगा. मंग बुजवीन."

"बायकांशी मी हिशेब बोलत नाही."

"मंग मी बसून राहिली इथंच. नवा भाडेकरू आला की त्यालेच सांगा, काहून बसली ते."

शेजारची म्हातारी दाराशी आली होती. जन्मभर सूत भरून तिची बोटं वाकडी झालेली. ती मला म्हणाली, "बस वं बाई, बस." आणि मालकाकडे वळून, "आमच्यावरबी दंड चढून राहिला का मालक? आताच सांगा, म्हणजे आम्हीबी पदर झटकून ठेवतो."

बाया हसल्या. या वेळी त्याच्यावर. त्यानं गड्याला मला ओढून काढायला सांगितलं. गड्यानं बायांकडे पाहिलं आणि तो जागचा हलला नाही. नवरा उंबऱ्यात येऊन उभा राहिला.

भाडेकरू आला. कुठल्याशा कचेरीतला कारकून, सोबत बायको. त्यानं विचारलं, दंड कसला? मालकानं फणी मागवली आणि अंगणात फेकली. चार-पाच काड्या तुटल्या. "ही जातच अशी," तो कारकुनाला म्हणाला.

मी उठले. फणी उचलली. खड्डा बुजवला नाही. दंड कधी ठरला ते त्यानं सांगितलं असतं तर बुजवला असता.

गाडीमागे चालताना सासरे चिडले होते. उघडा खड्डा सोडून आलो, अपशकुन झाला, म्हणाले. मग म्हणाले, "बाईनं मालकासमोर असं बोलू नाही. नव्या घरी तोंड सांभाळजो."

मी म्हटलं, "नव्या घरी मीच बोलीन, मामाजी. भाडं कधी, उशीर झाला तर किती, आधी विचारीन. अंगणात, साऱ्यायसमोर. मंगच सामान उतरवू."

ते तोंड फिरवून चालत राहिले. नव्या चाळीशी गाडी थांबली. तिथला मालक बाहेर आला. सासऱ्यांचे हात जोडायला वर आले.

मी त्यांच्या पुढे जाऊन उभी राहिले.