वेष्टनावरच्या पोरीचा उजवा हात

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय, आणि खरं सांगतो, चहाबरोबर करमणूक म्हणून वाचतोय. आमच्या घरात देव होते, भुतं नव्हती. वडील शाळामास्तर, मी चित्रकार. सावली कुठून पडते हे आधी बघायचं आणि मगच ती काढायची, ही माझी सवय. त्यामुळे मी हे लिहायला बसलोय याचं नवल सगळ्यात जास्त मलाच वाटतंय. अनुभव सांगण्यापेक्षा कबुली देणं हाच हेतू जास्त आहे. सोळा वर्षांत हे मी बायकोलासुद्धा बोललेलो नाही.

बाहत्तरचा उन्हाळा. मी चोवीस वर्षांचा. कोल्हापुरात शाहूपुरीच्या एका गल्लीत, सायकल दुकानाच्या माडीवर माझी खोली होती. डाव्या हाताला एक खिडकी, पाठीमागे एक दार. कुणी अधेमधे येऊ नये म्हणून काम करताना दाराला आतून कडी लावायचो. ही कडी लक्षात ठेवा.

पलीकडच्या गल्लीत एक प्रेस होता. त्याचे मालक मुलांसाठी रहस्यकथांची माला काढायचे. चार मुलं आणि एक कुत्रा मिळून चोर पकडतात, अशी पुस्तकं. वेष्टनं, म्हणजे पुस्तकावर चढवायची चित्रांची कव्हरं, माझी. मालक म्हणायचे, "आतलं काय का असंना, पोरगं वेष्टन बघून रडाय लागलं पायजे, मग बाप घेतोय." मालेतली नीलू नावाची मुलगी मी मुमताजला समोर उभी करून काढायचो.

मुमताज म्हणजे प्रेसमधले बाइंडर दस्तगीरचाचा यांची दहा वर्षांची मुलगी. चाचा पुस्तकं बांधायचे आणि कटिंग मशीनही चालवायचे. दुपारी अब्बांचा डबा पोचवला की ती माझ्याकडे यायची. अर्धा तास उभं राहायचं आणि बदल्यात नवं पुस्तक सगळ्या कोल्हापूरच्या आधी वाचायला मिळायचं. यावर ती खूश.

"पेंटरदादा, ही मीच हाय म्हटलं तर शाळेत खरं वाटंना कुणाला. नाक तेवढं तुझं हाय म्हणत्यात."

सातव्या पुस्तकाला अडलं. नीलू भुयाराच्या तोंडाशी उभी आहे आणि आत काहीतरी दिसून हादरली आहे, असं चित्र हवं होतं. मुमताजला घाबरायला सांगितलं की ती डोळे मोठे करायची आणि फिदीफिदी हसायची. मी तीन चित्रं नेली. तिसरं बघून मालक सगळ्यांसमोर म्हणाले, "काय हो पेंटर, पोरगी घाबरलीया का जत्रंला आलीया? उद्यापर्यंत जमतंय का बघा. नाहीतर पुण्याचा माणूस हाय माझ्याकडं."

तो पुण्याचा माणूस माझ्या डोक्यात बसला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुमताज आली. मी कडी लावली, बोर्डवर कागद लावला, पेन्सिल हातात घेतली... आणि अगदी सावकाश म्हणालो, "मुमताज, आत्ताच प्रेसवरनं निरोप आला. अब्बांचा हात कटिंग मशीनमध्ये सापडला."

तिचा चेहरा पांढरा पडला. तसा चेहरा मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. ती दाराकडे जायला निघाली तशी मी ओरडलो, "हलू नकोस! आधी सगळं सांगतो. तिथंच उभी राहा."

आणि मी काढत राहिलो. पाच मिनिटं असतील, जास्तच असतील. पहिल्यांदा ती माझ्याकडे बघत होती. मग तिची नजर माझ्या खांद्यावरून मागे, दाराकडे गेली आणि तिथंच थांबली. तिनं उजवा हात छातीपर्यंत वर उचलला. चार बोटं आत मुडपलेली, अंगठा तेवढा उभा. विचित्र वाटलं. पण चेहऱ्याखाली तो हात असा काही शोभत होता की जसा दिसला तसा घेतला. आपली रेघ इतकी चांगली चाललीय, याचा मला आनंद होत होता. हे लिहिताना लाज वाटते, पण तो आनंद झाला होता.

काम संपल्यावर मी हसलो. "अगं, गंमत केली. अब्बा बरे आहेत."

ती हसली नाही. दाराकडे बोट करून म्हणाली, "पर पेंटरदादा, अब्बा तितं..."

मला वाटलं, ही आता प्रेसवर जाऊन सगळं सांगणार. मी तिचा दंड धरला. जोरात धरला. "ऐक. इथलं कुणाला काही सांगायचं नाही. अब्बांना तर नाहीच. तू बोललीस तर मालक अब्बांना कामावरून काढतील. मग तुझ्यामुळं घरात चूल पेटायची नाही. कळलं?"

तिनं मान हलवली. कडी तिनंच काढली आणि गेली. त्या दिवशी पुस्तक न्यायला विसरली.

चित्र बघून मालकांनी पुण्याच्या माणसाचं नाव काढलं नाही, लगेच होकार दिला. मग छपाईचे ठसे, म्हणजे ब्लॉक, झाले, छपाई झाली. चित्र काढल्याला तीन आठवडे झाले तेव्हा वेष्टनांचे गठ्ठे कापायला मशीनवर चढले. मी कोपऱ्यात चहा पीत होतो. दस्तगीरचाचा गठ्ठा सरळ करत होते. पातं एकदा खाली येऊन थांबायचं, ते दुसऱ्यांदा आलं. मेकॅनिकनं नंतर सांगितलं, क्लच घसरला होता. त्या अपघाताला कारण आहे. मी त्याबद्दल लिहीतच नाहीये.

त्याच वेळी मुमताज डबा घेऊन दारात आली. प्रेसमधल्या कागद घडी करणाऱ्या बायका किंचाळत होत्या, कुणीतरी चाचांच्या हाताला धोतर गुंडाळत होतं. ती शांत उभी होती. डबा खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं.

महिन्याभरानं पट्टी सुटली, तेव्हा मी चाचांना भेटायला गेलो. मला बघून त्यांनी सवयीनं उजवा हात वर केला. "सलाम पेंटर. आता एवढाच राह्यलाय बघा."

चार बोटं नव्हती. अंगठा उभा होता.

तो हात मी काढलेला होता. ब्लॉक झाला होता, छापून झाला होता, आणि गठ्ठ्यातल्या प्रत्येक वेष्टनावर चेहऱ्याखाली तोच हात होता. चाचांची बोटं गेली, ती तीच वेष्टनं कापताना.

मुमताजची शाळा सुटली. मालकांनी तिला अब्बांच्या जागी फॉर्म, म्हणजे छापलेले मोठे कागद, घडी करायला बसवलं. पुढची सहा वर्षं मी नवी वेष्टनं घेऊन तिच्यासमोरून जायचो आणि ती मान खाली घालून माझीच चित्रं पुस्तकांवर चढवायची. नीलूसाठी मी दुसरी मुलगी उभी केली. सातव्या पुस्तकाच्या चार आवृत्त्या निघाल्या. मुंबईच्या एका प्रदर्शनात त्याच वेष्टनाचं कौतुक झालं, आणि मी शाल घेतली.

दोन महिन्यांपूर्वी दस्तगीरचाचा गेल्याचं कळलं. मुमताजचं आता शाहूपुरीतच स्वतःचं बाइंडिंगचं दुकान आहे. ती पेन्सिलची मूळ रेखाकृती मी इतकी वर्षं जपून ठेवली होती. ती घेऊन गेल्या महिन्यात तिच्याकडे गेलो. म्हटलं, मला काहीतरी सांगायचंय.

"सांगायचं काय त्यात," ती म्हणाली. "मी तितंच हुतो की."

मी विचारलं, त्या दिवशी हात तसा का केला होतास?

"अब्बा तुमच्यामागं उभं हुतं. दाराला टेकून. हात असा वर धरलेला, रगत कोपरापतोर आलेलं. किती बोटं गेल्यात ते समजंना, म्हणून मी माझ्या हातानं तसं करून बघितलं." ती अगदी शांतपणे सांगत होती. "मग पळत प्रेसवर गेलो, तर अब्बा भाकरी खात बसल्यालं. दोन्ही हात धड. लई वाटलं, सांगावं, मशीनवर बसू नका म्हणून. पर तुम्ही म्हणला हुता, नोकरी जाईल."

मी "माफ कर" म्हणालो. रेखाकृती हातात घेऊन तिनं नीट बघितली. मग उठली, कागद कटिंग मशीनवर सरळ लावला आणि चाक फिरवलं. चित्राचे गळ्याशी दोन तुकडे झाले. वरचा तिनं गल्ल्यात ठेवला, खालचा माझ्या पुढ्यात सरकवला.

"तोंड माझं हाय. हात तुमचा."

मी तो तुकडा घेतला आणि उठलो. ती माझ्याकडे बघत होती. मग तिची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली आणि तिथंच थांबली. मी वळून बघितलं. रस्ता होता, दुपारचं ऊन होतं, एक रिक्षा उभी होती.

"काय दिसतंय मुमताज?"

ती पुन्हा गठ्ठा सरळ करायला लागली.

"तुम्हीच शिकिवलंय की पेंटरदादा. दिसलं तरी कुणाला सांगायचं न्हाय."

दाराला कडी होती, आणि ती मी स्वतः लावली होती. चित्र अपघाताच्या आधी छापलं होतं. जुन्या वाचनालयांत ते पुस्तक अजून सापडेल, हात तपासून बघा. यापलीकडे माझ्याकडे काही नाही. जाणकारांनी कारण सांगितलं तर मी ऐकेन.

दुकानात तिनं माझ्यामागं काय बघितलं, ते मात्र मला कुणी सांगू शकणार नाही. त्याला आता तीन आठवडे होत आले.