भडकासाहेबांचा सभ्य कीबोर्ड

आमचे भावोजी माणूस म्हणून वाईट नाहीत, फक्त राग कायम नाकाच्या शेंड्यावर. ताई म्हणते, लग्न ठरवताना ही गोष्ट तिच्यापासून लपवली होती. कशी लपवली देव जाणे, कारण तो राग बंद दाराबाहेरही ऐकू येतो.

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत ते तक्रारींना उत्तरं लिहितात. माकडाच्या हाती कोलीत देण्याचाच हा प्रकार. मी तिथेच, शेजारच्या टेबलावर. ऑफिसात त्यांना सगळे 'भडका' म्हणतात, अर्थात माघारी. एका गिऱ्हाइकाला त्यांनी 'मग जिने कशाला बांधलेत?' असं लेखी विचारलं, तेव्हा साहेबांनी बजावलं, पुन्हा असं उत्तर गेलं तर नोकरी गेली. घरी ताईने त्यात भर घातली, "नोकरी गेली तर दिवसभर माझ्यावर ओरडाल. मला नाही झेपायचं ते."

स्वभावाला औषध नसतं म्हणतात. भावोजींनी ते कीबोर्डमध्ये शोधलं.

आमच्याकडे एंटर दाबलं की उत्तर रवाना होतं. भावोजींनी सेटिंगमध्ये शिरून ते बदललं. एंटरने आता नुसती ओळ बदलायची. उत्तर पाठवायचं तर दोन्ही हातांनी तीन बटणं एकदम दाबायची, आणि तीही इतकी लांब लांब की बोटं ताणता ताणता अर्धा राग उतरावा. वरच्या ओळीतल्या एका बटणावर 'आपल्या तक्रारीची नोंद घेतली आहे', शेजारच्यावर 'आमचा माणूस लवकरच येईल'. शिव्यांचाही बंदोबस्त केला. 'गाढव' टाइप केलं की 'आदरणीय' उमटायचं आणि 'डोकं फिरलं'चं व्हायचं 'आनंद झाला'. भावोजी मनसोक्त शिव्या बडवायचे आणि तिकडे लोक सुखावायचे. साहेबांनी मीटिंगमध्ये त्यांच्या गोड भाषेचं कौतुक केलं तेव्हा मला ठसका लागला.

सहाव्या मजल्यावर राहणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका होत्या. लिफ्टचं दार मिटत नाही, अशी त्यांची दर आठवड्याला लांबलचक तक्रार यायची, बाजारातून येताना हातात काय काय होतं त्याच्यासकट. मेकॅनिक जायचा, दार बघायचा, काही बिघाड नाही म्हणून परत यायचा. भावोजी दात-ओठ खात ती दोन बटणं दाबायचे.

एके दिवशी आम्ही जेवायला गेलो असताना कॉम्प्युटरवाल्याने सगळ्यांच्या टेबलांवर नवी मशिनं मांडली. भावोजी टाइप करतात दोन बोटांनी, मान खाली घालून. स्क्रीनकडे बघतात ते थेट शेवटी. बाईंची तक्रार आलेलीच होती. भडका उडाला, बटणं बडवली, एंटरवर बोट आपटलं, मग मान वर झाली. मजकूर गेला होता, जसाच्या तसा:

'गाढव बाई, तुमची तक्रार वाचून डोकं फिरलं. दर वेळी तुम्ही बाजारातूनच येता, दर वेळी दोन्ही हातांत पिशव्या. पिशवी दारात लोंबते म्हणून दार मिटत नाही. पिशवी आत घ्या!'

भावोजी पांढरेफटक पडले.

"अगं, हे परत कसं बोलवायचं?"

"गेलं ते गेलं, भावोजी."

"ताईला सांगू नकोस हं."

"मी कशाला सांगू? तुम्ही दुपारचे घरी दिसलात की कळेलच तिला."

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब स्वतः टेबलाशी आले.

"तुम्ही या बाईंना गाढव म्हणालात?"

"हो, साहेब." आवाज एवढासा.

"त्यांनी मला उत्तर पाठवलंय. वाचा. मोठ्याने."

भावोजी वाचू लागले. 'पिशवी आत घेतली. दार मिटलं. आजवर इतकी गोड उत्तरं आली, पण माझं लिहिणं कुणी वाचतंय असं कधी वाटलं नाही. न वाचता कुणी गाढव म्हणत नाही. या गृहस्थांना रागवू नका. आता लिफ्ट नीट चालते, त्यामुळे तुम्हाला लिहायला काही कारण उरलं नाही, एवढंच वाईट वाटतं.'

"या वेळी वाचलात," साहेब म्हणाले आणि निघून गेले.

आता हे ओरडणार, म्हणून मी कान झाकायच्या तयारीत. पण भावोजींचे डोळे भरले होते. खोटं कशाला बोलू, माझेही भरले. मग त्यांनी मान खाली घातली आणि दोन बोटांनी, एकेक अक्षर शोधत लिहिलं:

'कारण नसलं तरी लिहीत जा, बाई. गाढव मीच.'