माशाच्या पाण्याचं विरजण

तुम्ही दोघं सुट्टी संपवून परत गेलात तेव्हा मागे एक सोनेरी मासा, काचेची नवी टाकी आणि "आजी, याला मरू देऊ नकोस" एवढी सूचना ठेवून गेलात. तेव्हापासून रविवारच्या व्हिडिओ कॉलवर तुम्हाला आधी मासा दाखवावा लागतो, मग आजोबा, आणि वेळ उरला तर मी. एका रविवारी तुम्ही विचारलंत, "टाकीमागची भिंत हिरवी कशी झाली?" आजोबांनी "रंग दिला" म्हणून वेळ मारून नेली. खरं काय झालं ते आता सांगते.

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. येतं त्या दिवशी आमच्या घरात माझं राज्य असतं. साठवलेलं शिळं पाणी झाडांना घालायचं, पिंपं, कळशा, माठ नारळाच्या शेंडीने घासायचे आणि ताजं पाणी भरायचं. तुमची टाकी घरात आली तशी तीही या रांगेत बसली. मासा पातेल्यात, पाणी कढीपत्त्याला, काच लख्ख, तळातले खडे तांदळासारखे धुतलेले, आणि फिल्टरमधला स्पंज नळाखाली पिळून पिळून नव्यासारखा. मग ताजं पाणी आणि त्यात मासा. आजोबा म्हणाले, "इतकी सेवा माझी कधी झाली नाही."

मासा मात्र प्रत्येक धुण्यानंतर जास्तच मलूल होई. तोंड पाण्याबाहेर काढून हवा गिळत राही. मला वाटलं, भूक लागली असेल. मी आणखी दाणे टाकले. पाणी गढूळ झालं म्हणून नळाची वाट न बघता पुन्हा टाकी धुतली. तरी तो एका कुशीवर कलला. रविवार जवळ आला होता, आणि मला तुमचे चेहरे दिसू लागले.

शेवटी टॅब उघडून इंग्रजीतून वाचायला बसले. त्यात सगळं उलटंच होतं. माशाच्या घाणीतून पाण्यात अमोनिया तयार होतो आणि तो माशाला विषासारखा बाधतो. तो संपवणारे जंतू स्पंजात आणि खड्यांवर हळूहळू वाढतात. नव्या टाकीत त्यांना रुजायला काही आठवडे लागतात. मी त्यांना दर वेळी मोरीत वाहवून देत होते. वर नळाच्या ताज्या पाण्यातलं क्लोरीन उरल्यासुरल्यांना मारत होतं आणि माशालाही सोसत नव्हतं. पाणी भरून ठेवावं, शिळं होऊ द्यावं, एका वेळी थोडंच बदलावं, आणि दाणेही मोजकेच घालावेत, असं लिहिलं होतं.

मी हे वाचून दाखवलं. आजोबा म्हणाले, "शिळं पाणी, न धुतलेली खोली आणि कमी जेवण. म्हणजे आमचं वसतिगृह."

पण माशाकडे आठवडे नव्हते. जुन्या टाकीतला स्पंजाचा तुकडा आणून ठेवला तर काम लवकर होतं, असंही त्यात होतं. समोरच्या घरात टाकी आहे, चांगली जुनी. त्या घरातली सून मला काकू म्हणते. घरात त्यांची तेलुगू आणि माझ्याशी सोलापुरी मराठी. मी वाटी घेऊन गेले. तिला जंतू वगैरे सांगण्यापेक्षा सोपं करून म्हटलं, "अगं, तुझ्या टाकीचं थोडं विरजण हवंय."

तिला लगेच कळलं. तिने बाही वर सारली, हात टाकीत घातला आणि तिथेच थांबवला.

"पण आत्ता कसं देऊ काकू? दिवे लागले की."

"अगं, ते दह्याचं. मी नुसतं उदाहरण दिलं."

"तुमी एवढं शिकलेल्या. उगाच कशाला म्हणाल? विरजण म्हंजे विरजण."

"बरं, विरजण नाही. घाण आहे ती."

"घाण?" तिने हात बाहेरच काढला. "मग तर न्हायच. उद्या गल्लीत म्हणाल, हिच्या घरातनं घाण आणली."

"सकाळपर्यंत मासा राहायचा नाही गं."

तिने जरा विचार केला. "मग त्यालाच आणा की हितं. दिवे लागल्यावर द्यायचं नसतंय. पाहुण्याला कोण नको म्हणतंय?"

आजोबा माशाला स्टीलच्या डब्यात घालून गल्ली ओलांडताना कुणीतरी विचारलंच, "काय, आमरस का?"

"पाहुणा पोचवतोय," आजोबा म्हणाले.

तिने टाकीतलं पाणी वाटीवाटीने डब्यात घातलं आणि सावकाश त्याला आत सोडलं. मग ती त्याच्याशी बोलू लागली. आजोबा काळजीत पडले. "याला तेलुगू कुठं येतं?"

"शिकतंय की. आमचे न्हाय का टीव्ही बघून मराठी शिकले?" ती तिच्या माशांकडे बोट दाखवून म्हणाली.

सकाळी मासा सरळ पोहत होता आणि तिच्या माशांचे दाणे पळवत होता. तिने स्पंज कात्रीने अर्धा कापला, वाटीत घालून वर बशी झाकली आणि बजावलं, "हलवू नका, ढवळू नका." वाटी रिकामी परत करायची नाही म्हणून मी शेंगाचटणी भरून दिली. तिने विचारलं, "ही माशांना तर घालायची न्हाय ना?"

पाहुण्याला मात्र तिने लवकर सोडलं नाही. आमच्या टाकीत विरजण लागेपर्यंत तो तिथेच राहिला. म्हणून त्या रविवारी आम्ही दोघं तिच्या घरी जाऊन, तिच्या हिरव्या भिंतीसमोर उभं राहून तुमच्याशी बोललो.

आता तो घरी आहे आणि ठणठणीत आहे. खड्यांवर बुळबुळीत थर आलाय. पाण्याच्या दिवशी माझे हात शिवशिवतात, पण मी शेंडी घेऊन तिकडे वळले की आजोबा टाकीसमोर उभे राहतात. तुम्ही याल तेव्हा काही घासूपुसू नका. आणि हाक मारली तर तो येणार नाही, वाईट वाटून घेऊ नका. मराठीला तो आता ओळख देत नाही. तेलुगूत "रा, रा" म्हणा, लगेच वर येतो.