बोंबलांची वर्गणी

तुर्भ्याच्या कारखान्यातून माणूस निरोप घेऊन आला, तेव्हा मी चहाचं आधण ठेवत होते. भावजी, माझे धाकटे दीर, कामावर असतानाच गेले. एवढा गडगडाटी माणूस, आणि जाताना कुणाला हाकसुद्धा मारली नाही... महिना होत आला, तरी मला त्यांचा राग येतो.

वाशीला राहायला आलो तेव्हा इथं नुसता चिखल आणि डास. सोसायटीनं मिळून एक टीव्ही घेतला आणि आमचं घर तळमजल्यावर, म्हणून तो आमच्या गळ्यात पडला. रविवारच्या सिनेमाला खाडीकाठच्या गावातली माणसंही यायची. सगळ्यांत पुढे पोरं घेऊन हौसाबाई. मग कुरकुर सुरू झाली. दुरुस्तीचा खर्च आम्ही करायचा आणि बघायचं गावानं? सेक्रेटरी म्हणाले, "वर्गणी देईल तो आत. बाकीच्यांना दार बंद."

भावजी उसळले. "गणपतीच्या आरतीला आलेल्याला आधी पावती विचारता का हो? बघू दे सगळ्यांना. ज्याला वाटेल तो देईल." शेवटी ठरलं, की पुढच्या दुरुस्तीला पैसे जमले नाहीत तर गावाला दार बंद. भावजींनी तसा शब्द देऊन टाकला.

आणि लगेच टीव्ही बिघडला! वर्गणीच्या डब्यात नावाला चिल्लर. "घ्या, करा आणखी धर्मादाय!" मी सुनावलं. भावजी धड जेवेनात. एरवी माझ्या आमटीला नावं ठेवणारा माणूस, आता नुसतं ताट सारून उठायचा. रविवारी हौसाबाई गावातल्या बायकांना घेऊन आल्या. कुणी तांदूळ आणले, कुणी मीठ, आणि हौसाबाईंनी आमच्या शाकाहारी घरात सुक्या बोंबलांची ही भलीमोठी जुडी ठेवली. "पैसं नाय, पन वर्गनी हाय." सासूबाईंनी नाकाला पदर लावला. भावजी मात्र खुर्चीवर चढले आणि गणपतीपुढच्या फळांचा करतात तसा त्यांनी सरळ लिलाव पुकारला! बोंबलांवर सर्वांत चढी बोली कुणाची? आमच्या मालवणी सेक्रेटरींची! टीव्ही दुरुस्त झाला. घराचा वास काही केल्या जाईना, आणि भावजींचं हसू थांबेना.

आता घरोघरी टीव्ही आलेत. सुतक फिटल्यावरच्या रविवारी मी एकटीच बसले होते, तर हौसाबाई दारात.

"माजे घरान तुमच्यापेक्षा मोठा टीवी हाय, बाय," त्या म्हणाल्या. "पन 'या, बसा' म्हननारा तुमचेच घरान व्हता..."

मी कशीबशी उठले आणि म्हटलं, "या, बसा."