कांताबाईची नवी केबल

कांताबाई गजभिये सहसा काही बदलणारी बाई नव्हती. चहापत्ती तीच, दूधवाला तोच आणि केबलवालाही तोच, गंगाधर. नवरा नत्थू इथं छत्तीसगढात रेल्वेच्या कारखान्यात होता तेव्हा त्यानंच ती केबल घेतली होती. नत्थू गेला, गंगाधरची केबल राहिली. पण मग गंगाधरनं दर वाढवला, वर चित्र असं फुटायला लागलं की सिरियलमधली सासू कोणती आणि सून कोणती तेही कळेना. तक्रार केली की म्हणायचा, "अम्मा, ऊपर से प्रॉब्लम है." हे वरचं नेमकं कुठं असतं ते त्यानं कधी सांगितलं नाही.

शेवटी मुलगा इंद्रजीत वैतागला. उरला भागातल्या रोलिंग मिलमध्ये पाळ्या करून येणारा माणूस, त्याला घरी निवांत क्रिकेट बघायचं असतं.

"आई, तात्यापाऱ्यात नवा केबलवाला आहे. याच्याहून सस्ता, अन् संगं इंटरनेट बी देऊन राहिला. बदलून टाकू."

कांताबाईनं एकच विचारलं, "त्याच्यात मराठी येते का?"

"हव, सब आता है," इंद्रजीत म्हणाला. त्यानं विचारलंच नव्हतं.

मराठीचं तिला एवढं काय होतं, ते सांगायला हवं. ती रोज बघायची ती मराठी सिरियल काही फार भारी होती अशातला भाग नाही, हे कांताबाईलाही कळत होतं. पण ती लागली की नात पायल कॉलेजातून येऊन शेजारी बसायची. या पोरीला मराठी सगळं समजायचं, बोलायची मात्र हिंदी. आजीनं "जेवली का व?" विचारलं की उत्तर "खा लिया." इंद्रजीतचंही निम्मं हिंदीच, आणि सून रीनाचं तर माहेरच हिंदी बोलणारं. सिरियल बघता बघता पायल विचारायची, "आजी, ये रुसणं मतलब?" मग आजी तिला रुसणं समजावून सांगायची, करूनही दाखवायची. तेवढा वेळ दोघींचा मराठीचा होता. तोही गेला तर आपल्यामागं या घरात मराठी उरणार नाही, अशी कांताबाईला सरळसरळ भीती वाटायची.

टीव्हीला नवी पेटी लागली. लावायला आलेल्या माणसानं फॉर्म भरताना भाषा विचारली, ती सांगून कांताबाईनं त्याला चहा पाजला. चित्र एकदम स्वच्छ आलं. भोजपुरी होतं, उडिया होतं, बंगाली होतं, छत्तीसगढी तर होतंच. मराठी नव्हतं. तिनं रिमोटची बटणं दाबून दाबून जीव काढला आणि मग पायलला केबलच्या दुकानात फोन लावायला सांगितलं. तिकडून उत्तर आलं, "अम्मा, उस पारा में मराठी कौन देखता है? कोई बोला ही नहीं."

आता बोला! ज्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, मेश्राम, रामटेके, खोब्रागडे एकाला लागून एक राहतात, तिथं म्हणे मराठी कोण बघतं. कांताबाईचं डोकंच फिरलं.

रविवारी बुद्धविहारात वंदना झाली आणि लोक चपला शोधायच्या आत तिनं सगळ्यांना दारात अडवलं. बहुतेकांनी हीच सस्ती केबल घेतली होती.

"कनेक्शन देताना केबलवाल्यानं भाषा विचारली होती. काय सांगतलं तुम्ही?"

"हिंदी," श्यामराव मेश्राम म्हणाले.

"काहून?"

"तो हिंदीत विचारून राहिला होता, मंग मराठी कसं सांगाव?"

विजया रामटेकेनंही हिंदीच सांगितलं होतं. बाहेरच्याला कशाला त्रास, असं तिचं म्हणणं. कांताबाई आता सगळ्यांना धारेवर धरणार, तेवढ्यात पायल हळूच म्हणाली, "आजी, आपने भी तो हिंदी ही बोला था."

खरंच की. उंबऱ्याबाहेर पाय पडला की जीभ आपोआप हिंदीवर जायची. भाजीवाला, डॉक्टर, बँक, सगळीकडे हिंदी. उंबऱ्यात उभ्या असलेल्या माणसाशीही हिंदीच. कांताबाईला लाज वाटली, आणि लाज वाटली की तिचा राग दुप्पट होतो.

दुसऱ्या दिवशी पायलच्या स्कूटीवर मागं बसून ती तात्यापाऱ्यात दाखल झाली. काउंटरमागं तोच होता, पेटी लावून चहा पिऊन गेलेला. दुकानाचा मालकही तोच, शिशिर. पायलनं "भैया, वो चॅनेल का..." अशी सुरुवात केली, तर आजीनं तिला थांबवलं. याला कळो न कळो, आज मराठीतच बोलायचं, असं तिनं ठरवलं होतं.

"भाऊ, मले मराठी चॅनेल पाह्यजे. आमच्या पाऱ्यात सगळ्याइले पाह्यजे. आम्ही मराठी आहो. सांगाचं राहून गेलं."

शिशिरनं हातातली पक्कड खाली ठेवली. "काकू, तुम्ही मराठी आहात?"

बोलणं अगदी शुद्ध. त्याचं घर इकडं भोसल्यांचं राज्य होतं तेव्हापासून इथलं, आणि आईसाठी तो रोज मोबाईलवर मराठी लावून देतो म्हणे.

"मंग त्या दिवशी काहून बोलला नाही?"

"तुम्ही चहा हिंदीत विचारलात, काकू."

यावर कांताबाईला हसू आवरेना. पण शिशिर व्यापारी माणूस, लगेच भानावर आला. "चॅनेल लाईनवर घ्यायला खर्च आहे. आज तुम्ही बघाल, उद्या कोण? माझी मुलं ढुंकून पाहत नाहीत. तुमची नातसुद्धा आत्ता हिंदीतच बोलली."

हीच तर तिची भीती होती, आणि ती या परक्या माणसानं दुकानात उघड्यावर मांडली. कांताबाई पदर सावरत दाराकडं वळली.

"मले पाह्यजे," पायल म्हणाली. मग थांबली, शब्द जुळवले. "आजीसाठी नाही. मी पाह्यतो. रोज."

शिशिरनं एकदा तिच्याकडं पाहिलं, एकदा आजीकडं. "ठीक आहे. या आठवड्यात लावतो."

घरी परतताना पायलनं मान वळवून विचारलं, "आजी, मैंने सही बोला ना?"

"बरोबर बोलली, पोट्टे. समोर पाहून चालव," कांताबाई म्हणाली. डोळे भरून आले होते ते नातीला दिसत नव्हते, म्हणून तिनं ते पुसलेही नाहीत.