काळ्या पट्ट्यांचं कपाट

आमच्या सावेडीतल्या हॉस्पिटलात ऑपरेशनची हत्यारं नि कपडे वाफेवर निर्जंतुक करायचं काम अठरा वर्षं एकाच मावशींकडं होतं. पाथर्डीकडच्या. लेकीला शाळेत घालायचं म्हणून ऊसतोड सोडून आलेल्या. "आता मेले तरी कोयता धरायची न्हाई," असं म्हणायच्या.

एक दिवस डॉक्टर मला म्हणाले, "सिस्टर, हे काम बाहेर द्यावं म्हणतोय. टेम्पो येऊन नेईल, सीलबंद आणून देईल. महिनाभर दोन्हीकडचं वापरा आणि तुम्हीच सांगा."

मी थिएटरची इन्चार्ज, त्यात मुलखाची तापट. "टेम्पोवाल्यांना आमच्या मावशींची सर यायची नाही," म्हणून मोकळी झाले. डॉक्टरांना हात धरून मावशींच्या खोलीतलं लोखंडी कपाट दाखवायचंच काय ते बाकी ठेवलं होतं. कपडे भरून वाफेत ठेवायच्या स्टीलच्या ड्रमला लावलेल्या टेपवरच्या पट्ट्या वाफ लागली की काळ्या होतात. ड्रम वापरून झाला की मावशी ती टेप काढून कपाटाच्या दाराला चिकटवायच्या. दार काळ्या पट्ट्यांनी भरून गेलं होतं. आणखी काय पुरावा हवा?

त्याच महिन्यात मावशींची लेक आमच्याकडं बाळंतपणाला आली. बाळ पायाळू, दुपारी सिझर ठरलं. सकाळी मी ऐटीत विचारलं, "मावशी, लेकीला आपलाच ड्रम काढू ना?"

मावशी गाऊनच्या घड्या घालत राहिल्या. मग म्हणाल्या, "बाहेरचा काढा."

"काय?"

"मशीनच्या दाराचं रबर गेलंय, सिस्टर. वाफ धरत न्हाई, कपडा ओला निघतो, आन् ओल्यात जंतू शिरत्यात. ओला दिसला की मी परत लावते. दोनदा, तीनदा. पर एखादा नजरंतून सुटला असंल तर? पट्टी काय, ओल्यावरबी काळीच हुती."

"अहो, मग बोलला का नाहीत?" मी ओरडलेच.

"बोलले असते तर काम बाहेर गेलं असतं. आन् मी घरी."

मी कपाटाचं दार रोज बघत होते, कापड हाताला कसं लागतंय ते कधी बघितलं नव्हतं. आपली लेक टेबलावर यायची वेळ आली तेव्हा मावशींचं तोंड उघडलं, माझे तर डोळेही उघडले नव्हते. मी आमचे सगळे ड्रम बाजूला काढले आणि दुपारी बाहेरून आलेलं पॅक उघडलं. कोरडं ठणठणीत होतं.

मुलगी झाली. मावशींनी नातीला पोटाशी धरलं आणि म्हणाल्या, "सिस्टर, आता समद्यांच्या लेकींना बाहेरचंच काढा."

मी डॉक्टरांच्या केबिनकडं निघाले.

"थांबा, रबराचं मी सांगते," म्हणत मावशींनी बाळ माझ्या हातात दिलं आणि त्या माझ्याआधी आत गेल्या.