मायच्या पोटातलं, पोरांच्या डोक्यातलं

तुम्ही नेहमी विचारता, "तुझ्या ऑफिसात रोज काहीतरी घडतंच कसं गं?" अरे, घडवणारी माणसं पगारावर ठेवली आहेत ना! मी घरी येते, चपला काढते आणि सुरू होते. नवरा म्हणतो, "आधी चहा घे, मग शिव्या दे." पण चहा होईपर्यंत दम निघत नाही. जुना किस्सा सांगून संपत नाही तर दुसऱ्या दिवशी नवा तयार!

ज्यांना माझं काम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. नागपुरात आमचा एक रिसर्च प्रोजेक्ट आहे. काही वर्षांपूर्वी शहरातल्या आणि आसपासच्या गावांतल्या गरोदर बायकांची नोंद केली होती. कुणाच्या अंगात रक्त कमी, कुणाच्या पोटात अन्न कमी, कुणी मनानं खचलेली, कुणी नवऱ्याचा मार खाणारी. आता त्यांची पोरं सात-आठ वर्षांची झालीत. आम्ही त्या पोरांच्या मेंदूचे एमआरआय काढतो. आईनं तेव्हा जे सोसलं आणि पोरानं लहानपणी जे पाहिलं, त्याची खूण मेंदूच्या घडणीत उरते का, ते शोधायचं. माझं काम या बायकांशी बोलायचं आणि मायलेकरांना सेंटरवर आणायचं.

काम चांगलं आहे. वाईट काय ते पुढे ऐका.

* * *

सुरुवात उद्घाटनापासून. एक मोठे पाहुणे बोलावले होते. आमच्या सरांनी, म्हणजे प्रोजेक्टच्या प्रमुखांनी, फर्मान काढलं, "माता समोर बसलेल्या दिसल्या पाहिजेत!" म्हणून कुही तालुक्यातल्या, आमच्या नोंदीतल्या बायकांना पहाटेच्या एसटीनं आणलं. कार्यक्रम सकाळचा, पाहुणे आले दुपारी. आतल्या खोलीत पोह्यांच्या प्लेटा झाकून ठेवलेल्या. मी म्हटलं, "सर, बायका उपाशी आहेत, देऊ का?" सर म्हणाले, "पाहुण्यांच्या आधी? बरं दिसतं का ते!"

पाहुणे आले, हार झाले, भाषण सुरू झालं. विषय काय, तर आईचं पोषण! "माता म्हणजे देशाच्या मेंदूचा पाया आहे," असं म्हणून त्यांनी टेबलावर मूठ आपटली आणि पहिल्या रांगेतली एक बाई धाडकन खाली पडली. चक्कर आली बिचारीला.

मी पाण्याची बाटली घेऊन धावले. पाहुण्यांनी माइक सोडला नाही. डोळे पुसत म्हणाले, "बघा! किती भावुक झाल्या!"

आणि हॉलभर टाळ्या!

* * *

इतवारी बाजारातले एक भांड्यांचे ठोक व्यापारी आहेत. नातवाला घेऊन आले, सोबत सून. आल्या आल्या विचारलं, "मॅडम, मेंदूचं वजन पण करून देता का?" तराजूवर आयुष्य गेलेला माणूस, त्याचं काय चुकलं म्हणा.

मी सुनेची मुलाखत घ्यायला बसले. शेठजी खुर्ची ओढून मधोमध बसले.

मी सुनेला विचारलं, "गरोदरपणी आराम मिळायचा का?"

शेठजी म्हणाले, "आराम म्हणजे? राणीसारखी ठेवली होती!"

"जेवण पोटभर व्हायचं?"

"तुपाशिवाय घासच नाही घेतला तिनं."

"कधी उदास वाटायचं का? रडू यायचं?"

"टेन्शनचा सवालच नाही! आमच्या घरी बाया रडत नाहीत."

सून खाली मान घालून ओढणीची गाठ सोडत होती, पुन्हा बांधत होती. मी पुढची पानं उलटली आणि शांतपणे विचारलं, "पाळी वेळेवर येते का? अंगावरून जास्त जातं का?"

शेठजींनी सवयीनं तोंड उघडलं. मग मिटलं. मग एकदम उठले, "जरा फोन येऊन राहिला," म्हणाले आणि बाहेर! फोन टेबलावरच राहिला होता.

दार लागलं आणि सून त्या दिवशी पहिल्यांदा बोलली. इतकं बोलली, इतकं बोलली की माझा पेन बाजूला राहिला.

तेव्हापासून माझी प्रत्येक मुलाखत पाळीपासूनच सुरू होते!

* * *

महाल भागातले एक क्लासवाले सर तर डायरेक्ट बिझनेस घेऊनच आले. आमच्या सरांना म्हणाले, "तुम्ही पोट्ट्यांच्या मेंदूचा फोटो काढता, आम्ही त्यांना बॅचेस देतो. टायअप करून टाकू! ज्याचा मेंदू चांगला तो स्कॉलर बॅचले, बाकीचे जनरलले."

मी समजावलं की एका पोराचा फोटो पाहून काहीच सांगता येत नाही. खूप पोरांचे फोटो एकत्र ठेवले तर कुठे बारीकसा फरक दिसतो, आणि तोही सरासरीचा. शिवाय या वयात मेंदू घडत असतो, चांगली माणसं भेटली तर सावरतोही.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ते ठीक आहे मॅडम, पण मग आईचाच फोटो पाहून ॲडमिशन देता येईल का?"

* * *

आता आमची श्रद्धा. माझ्यासोबत काम करणारी पोरगी, पोरांच्या टेस्ट घेते. तिला सातवा महिना. आणि बसायला काय, तर लोखंडी स्टूल! पाठ टेकायला जागा नाही. सकाळपासून संध्याकाळपर्यंत पोरांसमोर वाकून ठोकळे मांडायचे.

आणि आमचे सर आत बसून परिषदेचं भाषण तयार करत होते. विषय होता 'गर्भवतीची विश्रांती आणि बाळाचा मेंदू'. खोटं नाही सांगत! त्यांच्या पहिल्याच स्लाइडवर उशीला टेकून बसलेल्या गरोदर बाईचं चित्र होतं. ते चित्र श्रद्धानंच शोधून दिलं होतं.

एक दिवस ती आत गेली. "सर, मला पाठीची खुर्ची मिळेल का?"

सर स्क्रीनवरून मान न वळवता म्हणाले, "श्रद्धा, खुर्ची बजेटमध्ये बसत नाही."

श्रद्धा म्हणाली, "मग मीपण त्या स्टुलावर बसत नाही, सर."

सर काहीतरी शोधायला कपाटाकडे उठले. ही टेबलाला वळसा घालून गेली आणि सरांच्या फिरत्या खुर्चीत बसली! पाठ टेकली, डोळे मिटले. आम्ही दारातून पाहून राहिलो. सरांना काय करावं कळेना. सातव्या महिन्यातल्या बाईला उठवणार कसं? तेही ती स्लाइड समोर उघडी असताना!

दुपारी दिल्लीचे कुणी पाहुणे आले, तर आमचे सर लॅपटॉप खिडकीत ठेवून उभ्यानं काम करत होते. पाहुण्यांनी विचारलं तर म्हणाले, "उभं राहून काम केलं की मेंदू तल्लख राहतो."

दुसऱ्या दिवशी श्रद्धाला खुर्ची आली. बजेट कुठून सरकलं देव जाणे.

* * *

मग सरांना वाटलं, आपलं ज्ञान गावोगाव न्यावं. कुहीजवळच्या एका गावात सभा ठेवली. मी आधीच म्हटलं होतं, "सर, जपून बोला. बायकांच्या अंगावर येईल." ते म्हणाले, "विज्ञान कुणाच्या अंगावर येत नाही."

पडदा लावला, मेंदूचं रंगीत चित्र दाखवलं. सर म्हणाले, "गरोदर आईला ताण असला की बाळाच्या मेंदूवर परिणाम होऊ शकतो."

झालं! एवढं एकच वाक्य गावानं धरलं. एका सासूनं सुनेकडे मान वळवली, "आयकून राहिली ना वं? म्हणूनच माह्या नातवाले पाढे येत नाही! तुह्या रडण्यानं झालं हे!" तिच्या मागची बोलली, तिच्या मागची बोलली. बघता बघता अख्ख्या मांडवात सुनांच्या माना खाली. सर मात्र खूश. माझ्या कानात म्हणाले, "बघा, मेसेज किती पटकन पोचला!"

मी माइक घ्यायला उठणार, तेवढ्यात कुंदा उभी राहिली. आमच्या नोंदीतलीच बाई, धानाच्या रोवणीवर मजुरीला जाते. पोटुशी असताना नवऱ्यानं तिला दोनदा घराबाहेर काढलं होतं, हे गावाला माहीत होतं.

"साहेब, मले एक विचाराचं आहे."

"विचारा ना ताई, अवश्य!"

"जिले ताण होते तिच्या लेकराच्या डोक्याचं तुम्ही सांगतलं. जो ताण देते त्याच्या डोक्यात काय होते जी?"

सर गडबडले. "त्यावर... त्यावर आमच्याकडे माहिती नाही."

"काहून नाही?"

"म्हणजे... त्याचे फोटो आपण काढलेच नाहीत."

"मंग काढा ना!" कुंदा म्हणाली. "मशीन तुमच्याजवळ आहे, माणूस मी देतो आणून. तो पाहा, मांगं खांबाजवळ उभा आहे!"

सगळा मांडव मागे वळला. खांबाजवळ कुणी नव्हतं. नुसता मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला.

त्या दिवशी सुना पहिल्यांदा हसल्या. सर मला गाडीत म्हणाले, "ऑडियन्स जरा विषयाला सोडून गेला, नाही?"

* * *

आता आचलचं सांगते.

एमआरआयचं मशीन म्हणजे अरुंद बोगदा. आत गेलं की ठकठक, घरघर, कानठळ्या बसतात. आणि अट अशी की पोरानं जरासुद्धा हलायचं नाही. डोकं इकडचं तिकडे झालं की फोटो बिघडला. पोरं काय करतात? कुणी रडतं, कुणाला तेव्हाच नाक खाजवायचं असतं, कुणी हाका मारतं, "मॅडम, झालं का? मॅडम, झालं का?" आमचा टेक्निशियन पंकज तर हात जोडून उभा असतो.

आचल आली तिच्या आईसोबत. सात वर्षांची, दोन वेण्या, लाल रिबिनी. पंकज म्हणाला, "बेटा, खूप आवाज येईल, घाबरायचं नाही." ती म्हणाली, "हाव." गेली, झोपली. मशीन सुरू झालं.

पोट्टी हललीच नाही! बोट नाही, पाय नाही. पंकजला शंका आली, त्यानं माइकवरून विचारलं, "आचल, ठीक आहेस ना?" आतून बारीक आवाज आला, "हाव." पुन्हा तशीच.

फोटो पाहून सर नाचायचेच बाकी होते. "एवढा स्वच्छ स्कॅन आपल्या प्रोजेक्टमध्ये नाही आला! काय गुणी मुलगी! काय शिस्त आहे!" तिच्या आईला म्हणाले, "ताई, तुमचे संस्कार दिसतात हे." आईनं पदर नीट केला.

एवढ्यावर थांबतील तर ते आमचे सर कसले! आचलचा हात धरून बाहेरच्या हॉलमध्ये आले. तिथे नंबर लागलेली पोरं आणि त्यांच्या आया बसलेल्या. सरांनी तिला खुर्चीवर उभं केलं. "मुलांनो, ही बघा आचल! अजिबात हलली नाही! सांग बेटा सगळ्यांना, एवढा आवाज होत असताना इतकं शांत कसं राहायचं? मोठ्यानं सांग हं!"

आचलला आनंद झाला. आजवर तिला कुणी असं खुर्चीवर उभं केलं नसावं. बाईंनी वर्गात शिकवावं तशी ती पोरांना शिकवू लागली.

"डोळे मिटाचे. हात अंगाजवळ घ्याचे. श्वास हळूहळू घ्याचा, पोट नाही हालू द्याचं. बाबाचा वरडण्याचा आवाज जवळ आला तरी डोळे नाही उघडाचे. त्याइले वाटते आपण झोपलो."

"शाब्बास!" सर म्हणाले. "आणि मग?"

"मंग ते मायजवळ जाते."